भोंगा झाला की पापणी हलली पाहिजे

माय,

काल दुपारी नातसुनेनं पणतूला पोटावर निजवलं, गालाखाली मऊ उशी सारली आणि आत भाजी चिरायला गेली. मी उठले, उशी काढली आणि त्याला उताणं केलं. तो किरकिरला, ती धावत आली. "आजी, आत्ताच डोळा लागला होता त्याचा. काहून हात लावता?" मी म्हटलं, "रडू दे. रडलेलं लेकरू निजते पुन्हा." हे बोलले आणि मला एकदम तुझाच आवाज ऐकू आला. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

दिग्रसचं आपलं घर म्हणजे जिनाच्या, कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या भिंतीला टेकलेली एक खोली. आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या हंगामात मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले आणि अंगात जरा ताकद येताच जिनात कामाला लागले. आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या, त्यांच्या कडेला बसून आम्ही बायका कवडी, म्हणजे किडका आणि पिवळा पडलेला कापूस, वेचून काढायचो. हवेत कापसाची बारीक तूस इतकी की तान्ही लेकरं तिथं ठेवायची सोय नव्हती. ती सगळी तुझ्याकडे. तू भुईवर पातळ वाकळ अंथरायचीस आणि त्यांना एका ओळीत उताणं निजवायचीस. भिंतीपलीकडे कापूसच कापूस, पण तुझ्या खोलीत कापसाची उशी येऊ द्यायची नाहीस. कोणी हौसेनं शिवून आणलीच तर तिच्याच ओटीत परत टाकायचीस. झोळीही नको, त्यात मान दुमडते म्हणायचीस. एकदा माशा बसतात म्हणून मी माझ्या लेकाच्या तोंडावर फडकं टाकलं, ते तू ओढून घेतलंस. "मुडद्याच्या तोंडावर टाकतेत फडकं. जित्या लेकराच्या तोंडावर टाकून राह्यली तू?" चार बायकांसमोर बोललीस. मला रडू आलं आणि तुझा रागही आला. तू कडुनिंबाचा डहाळा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "माशा हाकल."

आणि तो भोंगा. जिनाचा भोंगा झाला की तू हातातलं काम टाकून ओळीकडे बघायचीस. कोणाची पापणी हलते, कोणाची मूठ आवळते. निजलेलं लेकरू दचकलंच पाहिजे, असा तुझा हट्ट. बायका हसायच्या. जगातल्या आया लेकराची झोप मोडू नये म्हणून पाय न वाजवता चालतात आणि ही बया भोंग्याची वाट बघते, म्हणायच्या. मीही हसायचे.

मग तो दिवस. दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला, मी पाजायला धावत आले, तर तू शेजारणीच्या पोरीवर वाकलेली आहेस. तिच्या तळपायाला टिचक्या मारते आहेस, ओलं फडकं गालावरून फिरवते आहेस. पोरगी हलत नाही. ओठ काळसर पडलेत. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "तिच्या मायले बोलाव," आणि पोरीला छातीशी धरून सरकारी दवाखान्याकडे पळालीस, पायात काही न घालता. शेजारीण आवारात निवांत भाकर खात होती. तिची पोरगी दुपारी कधी उठतच नसे, तिला घाई कशाची? संध्याकाळी ती पोरगी रडली. ते रडणं ऐकून तू दवाखान्याच्या पायरीवर बसलीस, ती पहिल्यांदाच.

शेजारणीनं लपवलं नाही. "मोहरीएवढी अफू देतो मी सकाळी, दुधात उगाळून. माह्या सासूनंच शिकवलं. साऱ्याच देतेत. पोरगी रडली अन् मी काम सोडून आली, त मुकादम उद्या आत घेईन का मले?" तू तिला शिवी दिली नाहीस. एवढंच विचारलंस, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपण. दारू सोडली. मंग लेकरायले अफू कायले?" दुसऱ्या दिवशी तू दारात उभी राहिलीस. येणाऱ्या प्रत्येक लेकराचे डोळे बघितलेस, तोंडाचा वास घेतलास. "ही माही तेविसावी समजा. झोपवून आणलेलं लेकरू मी घेनार नाई. रडतं आना." दोघींनी तिथल्या तिथं लेकरं दुसरीकडे नेली. त्या लेकरांचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही.

आता लेकरं जागी राहायला लागली आणि भुकेनं टाहो फोडायला लागली. तू काय केलंस? गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना हाताशी घेतलंस, सगळी लेकरं उचललीस आणि सकाळच्या कामाच्या ऐन गर्दीत जिनाच्या फाटकाशी येऊन उभी राहिलीस. आम्ही गंजीपाशी बसलो आहोत आणि फाटकातून तो गलका येतो आहे. त्यात माझ्या लेकाचं रडणं मला वेगळं ऐकू येतं आहे. माझी चोळी ओली झाली.

मुकादम तणतणत फाटकाशी गेला. "काय तमाशा लावला बाई? ने पोरायले घरी!"

"भुकेली हायेत," तू म्हणालीस. "मी पाजू का आता?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी उठले. तो ओरडला, "आता उठशीन त उद्या येजो नको!" मी तुझ्याकडे बघितलं. तू मला ये म्हणालीस ना जा. लेकाला फक्त माझ्या बाजूला वळवून धरलंस. मी चालत गेले. माझ्यामागं शेजारीण उठली, मग सगळ्याच उठल्या. भिंतीच्या सावलीत ओळीनं बसून आम्ही पाजलं. मुकादमानं एकदा वेचायच्या कापसाकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि तंबाखू मळत निघून गेला. त्यानंतर रोज तू त्या वेळेला फाटकाशी यायचीस आणि तो रोज दुसरीकडे बघायचा. शेजारणीची पोरगी आता आजी झाली आहे. पुसदला असते.

तुझ्या साऱ्या गोष्टी मी पाळते. उताणं, उशी नाही, तोंडावर काही नाही. नातसून वैतागली तरी पाळते. कालही तिला समजावून सांगितलं आणि उशी माझ्या पेटीत ठेवून दिली. अडचण फक्त भोंग्याची आहे. जिन कधीच बंद पडलं. मग दुपारी पणतू गाढ निजला की माझ्या हातून स्टीलची ताटली खाली पडते. खण्णकन आवाज होतो, त्याच्या मुठी आवळतात, पापणी हलते. नातसून म्हणते, आजीचे हात आता कापतात, त्यांच्याकडे भांडी देत जाऊ नका. मी गरीब तोंड करून मान हलवते. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुला तेवढं सांगते. माझे हात कापत नाहीत, माय.