आक्काची नथ नावाचं फूल

तीर्थस्वरूप आक्कास,

शाहूपुरीतून धाकट्या धैर्यशीलचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि म्हैस, तिन्ही ठीक असतील अशी आशा. (फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.)

निवृत्त झाल्यापासून मी निसर्गतज्ज्ञ झालोय हे तुला कळलं असेलच. नसेल कळलं तर तो माझा दोष नाही, मी सगळ्यांना सांगितलंय. दर रविवारी वीसेक मंडळींना घेऊन आपल्या आजऱ्याच्या रानात येतो. आदल्या दिवशी पुस्तकातून दहा फुलांची नावं पाठ करतो आणि वाटेत तेवढीच दाखवतो. (बाकीची फुलं आली की मी पक्षी दाखवतो.) गेल्या पावसाळ्यात मात्र राजनंदिनी नावाच्या कॉलेजातल्या बाई आल्या आणि त्यांनी झाडाखालचं अकरावं फूल गाठलं. टपोऱ्या पांढऱ्या कळ्यांचा वळलेला झुपका, मधे एक लाल ठिपका. नाव विचारलं. आता पत्ता माहीत नसला तरी पावण्याला वाट सांगितल्याशिवाय सोडायचं नाही, ही आपल्याकडची रीतच. मी म्हणालो, "आक्काची नथ." हे नाव पुस्तकात नाही म्हटल्यावर कथाही सांगितली: एक मुलगी हौसेनं नथ घालून रानात गेली, नथ हरवली, आईनं तिला दोन दिवस उपाशी ठेवलं आणि पुढच्या पावसात तिथं हे फूल उगवलं. वीस माणसांचे डोळे पाणावले. त्यात माझेही होते.

तिथंच थांबायला हवं होतं. पण पुढच्या रविवारी चहाच्या टपरीवाल्यानं ही गोष्ट मलाच ऐकवली, वर म्हणाला, आजीकडून ऐकलीय. मग रानाच्या तोंडाशी पाटी लागली. आता बाई रानफुलांच्या गावठी नावांचं पुस्तक काढताहेत आणि त्यात आभार मानायच्या यादीत माझं नाव पहिलं आहे. (फोटोही आहे, टोपी घातलेला.) फक्त छापण्याआधी त्यांना खात्री करायची आहे. नाव खोटं ठरलं तर पाटी उतरेल आणि मंडळी मला पक्षीसुद्धा विचारणार नाहीत. घाबरून मी रानात गुरं राखणाऱ्या चिमणाबाईंना खरं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "त्येला नाव कशाला पायजे? गुरं तोंड लावत न्हाईत."

दाजींना नमस्कार, म्हशीला थोपटणे.

तुझा,
धैर्यशील

ता.क. : बाई गुरुवारी तुझ्याकडे येताहेत. ती मुलगी अजून हयात आहे असं मी सांगून बसलोय. नथ रानात हरवली का, एवढंच विचारतील. तू व्हय म्हण.

आणखी एक ता.क. : खोटं बोलावं लागणार नाही. आईनं तुझ्या लग्नासाठी केलेली नथ रानातच हरवली, पण ती मी हरवली. शाळेच्या नाटकात मला राणीचं काम होतं म्हणून डब्यातून गुपचूप नेली आणि येताना आडवाटेनं पळताना पाडली. तू आईला म्हणालीस, "मीच घालून गेलते." मी दाराआड ऐकत होतो आणि गप्प राहिलो. त्याची बावन्न वर्षं लाज वाटतेय. गुरुवारी मीही येतोय. बाईंना खरं सांगायचं असेल तर सांग, पाटी उतरली तरी चालेल. फक्त मी राणी झालो होतो तेवढं सांगू नकोस.