तळघरातल्या अकरा बरण्या

१२ सप्टेंबर २०२२, सोमवार

आज आलेलं सामान: पीच, एक पेटी – चौतीस डॉलर (गेल्या वर्षी सव्वीस!). साखर पंचवीस पौंड – एकोणीस. मीठ – दोन. व्हिनेगर दोन गॅलन – साडेसात. आणि आर्व्हिडची वाफेची बोंडं, पाचचं पाकीट – एकवीस डॉलर!

'बोंडं' हा माझा शब्द. तो आणि त्याचा मित्र लोवेल 'अॅटोमायझर' म्हणतात, जणू अणुशक्तीच चाललीय. बोटाच्या पेराएवढं नळकांडं. आत चिमूटभर कापूस आणि केसासारखी तार. तार तापते, कापसातल्या रसाची वाफ होते, आणि त्र्याहत्तर वर्षांचा नवरा माझ्या स्वयंपाकघरात बसून ती चोखतो. दोन आठवड्यांत बोंड संपतं. मग ई-सिगारेटच्या नळीवर नवं लावायचं.

ही पाच तर बसतच नाहीत. पेच वेगळा! दुकानदार म्हणाला म्हणे, "तुमची नळी आता कुणी बनवत नाही. नवी घ्या." पाकीट परत घेत नाही. एकवीस डॉलर पाण्यात.

आर्व्हिड मात्र हसतोय. "काळजी कसली, एल्मा? तळघर आहे ना!"

तळघरात माझ्या बरण्यांच्या शेजारी त्याच्या अकरा बरण्या आहेत. २०१३ साली एकदम घेतलेली बोंडं, एकेका बरणीत चोवीस. त्यानं हिशेब मांडलाय – दहा वर्षं पुरतील. "तोवर मी त्र्याऐंशीचा. पुढचं प्रभू बघेल."

प्रभूला दुसरी कामं नाहीत!

१३ सप्टेंबर

पीचच्या अठ्ठावीस बरण्या भरल्या. सगळी झाकणं घट्ट बसली. एकही वाया नाही.

१५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली बरणी उघडली. पहिलं बोंड – तापेच ना. दुसरं – तापलं, पण आर्व्हिडनं एक दम घेतला आणि तोंड असं केलं की मला आमचं मांजर आठवलं. तिसरं, चौथं तसंच. "आंबूस लागतंय," म्हणाला. "घशाला चरचरतंय."

नऊ वर्षं ठेवून दिलं की आंबणारच! मी बोललेच. तळघराचा नियम लहान पोरीलाही ठाऊक असतो – जुनं पुढं, नवं मागं, आणि आधी जुनं संपवायचं. हा मात्र उलटा. नऊ वर्षं दुकानातून ताजी बोंडं आणली, आणि जुनी राखून ठेवली. का? "तो कारखाना चांगला होता. चांगलं शेवटाला ठेवावं." चांगलं शेवटाला! घेवड्याचं असं केलं असतं तर आम्ही दोघं केव्हाच दफनभूमीत गेलो असतो.

तो म्हणतो, "अगं, ती कुठं खायची वस्तू आहे? तार आणि कापूस. न वापरलेलं. बंद बरणीत. बिघडेल कसं?"

बिघडलं तर आहे.

एक्केचाळीस वर्षं सिगारेटी ओढल्या त्यानं. रोज दोन पाकिटं. कागदाच्या गिरणीतून घरी यायचा तो धुरासकट. २०१३ च्या मे महिन्यात त्याचा भाऊ व्हर्नर गेला – नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनची टाकी, आणि शेवटपर्यंत दोन बोटं अशी उघडी, सिगारेट धरल्यासारखी. दफनानंतर नवव्या दिवशी आर्व्हिडनं सोडली. सगळे म्हणाले, शाबास! मी नाही म्हणाले. सोडायची तर सोडावी. हे एक सोडून दुसरं चोखणं कसलं? मी देवाकडे मागितलं होतं. चीनच्या कारखान्याकडे नव्हतं मागितलं.

१८ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर कॉफीला पाळकीणबाईंनी विचारलं, "आर्व्हिड आज फार चुळबुळत होता. तब्येत ठीक ना?" म्हटलं, "बोंड मिळत नाहीये." त्यांना काही कळलं नाही. बरंच झालं.

दुपारी लोवेल आला, खिशात वीज मोजायचं यंत्र घेऊन. माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर चोवीस बोंडं मांडली. दोन म्हातारे आणि एक चष्मा. चष्मा एकाच्या नाकावरून दुसऱ्याच्या नाकावर.

"तार शाबूत आहे," लोवेल म्हणाला. "पण बूड बघ. पितळ हिरवं पडलंय. वीज आत जाणार कुठून?"

"मग खरवड."

"खरवडलं. आता तापतंय. पण कापूस पिवळा झालाय, म्हाताऱ्या. त्या काळी कारखान्यातच बोंडात थोडा रस घालून ठेवत. तो चिकटला असणार. ज्यांनी कोरडी ठेवली त्यांची टिकतात."

"आपली कोरडी की ओली?"

"ते नऊ वर्षांपूर्वी विचारायचं होतंस!"

मी म्हटलं, "उकळून काढू का? पातेलं रिकामं आहे." मी टोमणा मारला, त्यांनी मान डोलावली! बारा बोंडं माझ्या पीचच्या पातेल्यात उकळली. ओव्हनमध्ये वाळवली. आंबूस ते आंबूसच. वर गॅसचं बिल माझं.

जाताना लोवेलनं पत्त्याची चिठ्ठी ठेवली. पुलापलीकडे कुणी डेलबर्ट ट्रूडेल आहे. त्याचं दुकान बंद झालं, पण याच जुन्या बोंडांची पेटी त्याच्याकडे पडून आहे. पोस्टानं मिळणार नाहीत – ही असली वस्तू टपालानं पाठवायला गेल्या वर्षीपासून मनाई. जाऊन आणावी लागतील. आर्व्हिडच्या डोळ्यात मोतीबिंदू, लांब गाडी नेता येत नाही. लोवेलचा ट्रक त्याच्या गुडघ्यांसारखा.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

पाच मैल लांबीचा पूल, खाली जाळीतून पाणी दिसतं! माझी सख्खी बहीण त्या बाजूला राहते. तिच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नाही. तीस वर्षांत एकदाही गाडी घेऊन त्या पुलावर चढले नाही. आणि आता बोंडांसाठी चढू?

"वेड लागलंय का तुम्हाला?" म्हटलं, आणि चिठ्ठी फ्रिजवर लावली. कागद कोरा होता मागून. यादीला होईल.

२२ सप्टेंबर

सहा बरण्या उघडून झाल्या. सहाही तशाच. आर्व्हिड दिवसभर पेपरमिंटच्या गोळ्या चघळतो. कडाड, कडाड. मी म्हटलं, दात सांभाळ, ते महाग आहेत. जेवणात दोन घास खाल्ले आणि मॅपलखाली जाऊन उभा राहिला. पानं पडतायत, हा बघतोय.

माणूस म्हणून काही कणा असतो की नाही?

२६ सप्टेंबर, सोमवार

आर्व्हिडच्या ट्रकमध्ये हातमोजे शोधत होते. आसनाखाली सिगारेटचं पाकीट. पावतीसकट – आठ डॉलर चाळीस! तारीख गुरुवारची.

वरचा पातळ कागद फाडलेला नव्हता.

होतं तसं ठेवलं. मला हे लिहितानाही राग येतोय. नऊ वर्षं आणि चार महिने!

२७ सप्टेंबर

पाहिलं. कागद शाबूत.

२८ सप्टेंबर

शाबूत. रात्री प्रार्थनेत त्याचं नाव नेहमीपेक्षा आधी आलं. तरी म्हणते, हा नुसता हट्ट आहे त्याचा. बोंडाशिवाय राहून दाखव की!

३० सप्टेंबर, शुक्रवार

अकरावी बरणी चांगली निघाली.

आर्व्हिड धावत वर आला. पायऱ्यांवर धावला! "चालतंय, एल्मा! चव स्वच्छ! चोवीसच्या चोवीस!" लोवेलला फोन. लोवेल म्हणे, एकच कारखाना, एकच माल, एकच फळी, मग दहा बरण्या वाया आणि एक चांगली कशी? आर्व्हिड म्हणाला, नशीब. मी म्हटलं, नशीब काय, त्या बरणीत काहीतरी वेगळं असेल. तळघरात काय कसं टिकतं ते मला विचारा, चाळीस वर्षं हेच करतेय. आणि दोघांना दाखवावं म्हणून खाली गेले.

बरण्या सगळ्या सारख्याच. फळी तीच. अंधार तोच. चिठ्ठ्यांवर माझंच अक्षर – 'मे २०१३'.

झाकणं.

दहा बरण्यांवर हेरिंगची झाकणं. आम्ही नाताळला व्हिनेगरमधल्या हेरिंगच्या बरण्या आणतो, मासळी संपली की झाकणं मी धुऊन डब्यात टाकते. आतली रबराची कड चांगली असते, फेकायची कशाला? अकराव्या बरणीला झाकण पुरलं नव्हतं. तिला घरातलं एक नवं लावलेलं.

एक उचलून नाकाला लावलं. नऊ वर्षं, तरी व्हिनेगर! मंद, पण व्हिनेगरच. माझ्या हातात ते झाकण, आणि त्या बंद बरणीत नऊ वर्षं ती वाफ – पितळेवर, कापसावर.

२०१३ ची वही काढली. २१ मे: 'आर्व्हिडच्या सामानाला नवी झाकणं – घेतली नाहीत. वाचले २.८०.'

तो दिवसही आठवला. तो पेटी घेऊन टेबलाशी उभा होता. म्हणाला, "नवी झाकणं लावशील?" मी म्हटलं, "ह्याला? नवी?"

१ ऑक्टोबर, शनिवार

सांगायचं ठरवून गॅरेजकडे गेले. दार अर्धं उघडं. लोवेल आत होता, हातात झाकण.

"अरे, हे हेरिंगचं आहे! हुंगून बघ! बाकीच्या बरण्या बिघडल्या त्या ह्यामुळं. तुझ्या बायकोनंच –"

"ठाऊक आहे," आर्व्हिड म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्याच दमाला. नाताळ तोंडात आला."

"आणि तिला बोलला नाहीस? ती दोन आठवडे तुझी खिल्ली उडवतेय!"

"कारखान्याचा दोष. तसंच सांगायचं, लोवेल. दुसरं काही बोललास तर तुझी शिडी परत देणार नाही."

"माझी शिडी तू तशीही देत नाहीस."

मी निघणारच होते, तेवढ्यात आर्व्हिड म्हणाला, "ती काही टाकून देत नाही रे. म्हणून तर मी अजून ह्या घरात आहे."

मी मागं फिरले. पायाखाली पानं वाजणार नाहीत अशी.

२ ऑक्टोबर, रविवार

आज पापकबुलीच्या वेळी ओठ हलवले, आवाज निघाला नाही. शेजारी तो. पेपरमिंटचा वास.

चोवीस बोंडं. दोन आठवड्यांना एक. पुढच्या सप्टेंबरपर्यंत. तो आता एकेक तीन-तीन आठवडे ओढून लांबवणार म्हणतो. अर्ध्यातच ते करपतं, तरी तो वापरणार. ट्रकमध्ये ते पाकीट तसंच. फेकून का देत नाही? विचारता येत नाही. मी ते पाहिलं हे सांगावं लागेल.

डब्यातली हेरिंगची झाकणं मोजली. त्रेसष्ट. कचऱ्यात टाकली.

३ ऑक्टोबर, सोमवार

पाकिटाचा कागद फाडलाय. आत विसातल्या एकोणीस.

४ ऑक्टोबर, मंगळवार

यादीसाठी लावलेली चिठ्ठी फ्रिजवरून काढली. पाठवलेल्या पत्राची नक्कल:

श्री. डेलबर्ट ट्रूडेल यांस – आपल्याकडे जुन्या पेचाची बोंडं (अॅटोमायझर) आहेत असं कळलं. किती आहेत, भाव काय, कोरडी की ओली, आणि इतकी वर्षं ती कसल्या झाकणाखाली होती, एवढं कळवावं. सगळी घेईन, घासाघीस करणार नाही. पोस्टानं पाठवता येत नाहीत हे ठाऊक आहे. मी स्वतः गाडी घेऊन पुलावरून येईन. बर्फाआधी यायचं आहे, म्हणून उत्तर उलट टपाली पाठवा. उत्तराच्या पाकिटावर नाव माझं घाला, नवऱ्याचं नको.