आबांनी खोललेली चकती

निमोणे,
८ जानेवारी २०२५

चि. सौ. प्रतिभास हरिबाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितोय. तुझ्या नणंदेनं परदेशातनं आणलेली, धूर झाला की ओरडणारी चकती तू दहा वर्षांमागं आपल्या स्वयंपाकघरात बसवलीस. तापानंतर तुझ्या आईला वास येईनासा झाला, तवापासून तिची सगळी भिस्त त्या चकतीवर.

आता ती घडीघडी टिक करती, असं आई म्हणती. मी म्हणालो, तुझेच कान वाजत्यात. आठ दिवस रुसली. नवा सेल घातला तरी टिकटिक हायच म्हणती. मग खोललीच. आत रुप्यावानी बारकी डबी हाय. मेंढरं कातरायच्या कातरीनं उचकटणार, तेवढ्यात आईनं हात धरला, म्हणाली, आधी लेकीला विचारा. तर उकिरड्यात टाकू का जाळू, ते कळव.

सासूबाईंना रामराम. बापाची आठवण असू दे.

दौंड, रेल्वे कॉलनी,
११ जानेवारी

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

आईनं वेळेवर हात धरला म्हणायचा. त्या डबीत किरणोत्सारी पदार्थ असतो, अगदी कणभर. बंद आहे तोवर काही करत नाही, पण फोडायची नाही. जाळायची नाही, उकिरड्यातही नाही. तेच खत पुढं कांद्याला जाईल. सेल काढा, झाकण लावा आणि डब्यात घालून शेजारच्या ईश्वरदादाच्या हाती एसटीनं पाठवा. कंपनी परत घेते, मी विचारलंय. चकतीचं आयुष्य संपलं म्हणून ती ओरडत होती. आईच्या कानांची माफी मागा.

नवीन यायला महिना लागेल. तोवर आईला माझ्याकडं पाठवा. काही जळलं तरी तिला कळत नाही, मला घोर लागतो. तुम्ही मेंढरं सोडून येणार नाही, ठाऊक आहे.

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली प्रतिभा

निमोणे,
१५ जानेवारी

चि. सौ. प्रतिभास आशीर्वाद.

डबा ईश्वरजवळ दिलाय. माफी मागितली, आईनं अजून दिली न्हाई.

ती निघायच्या तयारीत हुती. पिशवी भरून दाराबाहेर ओट्यावर बसली, आन् आत दूध करपलं. तिला पत्ता न्हाई. मला मेंढरांपाशी वास आला, पळत येऊन गॅस बंद केला. त्या गडबडीत फाटक उघडं ऱ्हायलं, मेंढरं कांद्यात शिरली. त्यांचं ओरडणं मला कुठलं ऐकू येतंय? तिनंच हाताला धरून दाखवलं.

मेंढरं वळवून आलो तर पिशवीतली लुगडी परत दांडीवर. म्हणाली, लेकीला लिहा, महिनाभर तुमचं नाक आन् माझे कान एकाच घरात ऱ्हाऊ द्या.

नवी चकती घेऊन तूच ये.

तुझा आबा