भिवरादेवीचा ओटा थांबवणेबाबत

दि. ९ जून २०२५

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी साहेब,
केज, जि. बीड.

विषय : एकाएकी येणारी चक्कर, थरकाप व छातीची धडधड यांची कारणे सप्ताहप्रमुख राधाकिशन यांच्या तोंडून जाहीर वदवून घेणेबाबत.

संदर्भ : मागच्या सोमवारी आपण म्हणालात, "लेखी द्या."

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढा, फाईल बाजूला ठेवा. एक आख्यान सांगतो. कीर्तनात ऐकलेले नव्हे, माझ्या घरात घडलेले आहे.

१) अर्जदार तीस वर्षे सप्ताहात टाळ धरतो. माझी पत्नी भिवराबाई हिला शुगर होती. चैत्र वद्य एकादशीस तिने निरंकार उपवास धरला, शुगरची गोळी मात्र घेतली. "गोळीनं उपास मोडत न्हाई, गोळी काय भाकर हाय का?" असे ती म्हणाली. मीही मान डोलावली.

२) सकाळच्या कीर्तनात बुवांनी चाल धरली आणि ती एकाएकी घामाने भिजली, हातपाय लटलटू लागले. "आवं, काळीज लई धडधडायलंय, गरगरायलंय. गूळ द्या मला." मी उठलो, तोच राधाकिशन यांनी माईक घेऊन जाहीर केले की बाईच्या अंगात देवी आली. मी म्हणालो, ऊन लागलं असंल. तर म्हणाले, "गप बस बे शहादेव! देवी गूळ मागायली."

३) गूळ आला. अख्खी ढेप आली. ती तिच्यापुढे पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले, आरती झाली. तिने दोनदा हात लांबवला. "आधी कौल दे, माय," म्हणत राधाकिशन यांनी तो दोन्ही वेळा धरला. बोअरला पाणी किती फुटांवर, हे विचारले. बाया पोरींच्या सोयरिकी विचारू लागल्या. ती कोसळली तेव्हा "देवी शांत झाली" म्हणून ढेप फोडून प्रसाद वाटण्यात आला. खोटे बोलत नाही साहेब, त्यातला खडा मीही खाल्ला.

४) तासाभराने जीपमधून मांजरसुंब्याला नेली. डॉक्टरांनी बोट टोचून पाहिले, साखर सत्तावीस. तिसऱ्या दिवशी ती वारली. शुद्धीत होती तोवर थोडा गूळ पोटात जाता तर वाचली असती, असे डॉक्टर म्हणाले. (चिठ्ठी जोडली आहे.)

५) आता राधाकिशन देवळामागे 'भिवरादेवी'चा ओटा बांधत आहेत. लोक मला "देवीचे मालक" म्हणून पाया पडतात. क्षमेवरची कीर्तने मला तोंडपाठ आहेत. परंतु या इसमास क्षमा करणे अर्जदारास जमत नाही आणि जमवायचेही नाही.

तरी विनंती की, राधाकिशन यांना निरंकार उपाशी उन्हात बसवावे, पुढे ढेप ठेवावी आणि गावाने त्यांना बोअरचे पाणी विचारावे. हे नियमात बसत नसल्यास ओटा थांबवून तेथे फलक लावावा, व येत्या सप्ताहात सातही दिवस त्यांनी त्याच माईकवर तो वाचावा : शुगरची गोळी घेऊन उपाशी राहणे, ऊन, अंगातले पाणी वा रक्त कमी होणे, थायरॉईड, हृदयाचे ठोके बिघडणे, भीती, यांपैकी कशानेही चक्कर येते, थरकाप होतो, छाती धडधडते. शुगरवाला माणूस शुद्धीत असेल तर आधी गोड खायला घाला, मग दवाखाना गाठा. खाली "तिचा हात मी धरला" हे वाक्य असावे. ते गाळल्यास पहिल्यापासून वाचावे. मी समोरच बसेन. त्यांचे झाले की माझे मी बोलेन : मान मी डोलावली, खडा मी खाल्ला.

आणि साहेब, सही करताना तिला देवी म्हणून आठवू नका. बुवांनी विनोद केला की ती सगळ्यांच्या मागून हसायची, आणि मग एकटीच हसत राहायची. तेवढी बाई ध्यानात ठेवा.

आपला नम्र,
शहादेव बंकट नागरगोजे
रा. सटवाचीवाडी, ता. केज