घटप्रभा, चार-सात

तीर्थरूप आप्पा,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि आज सकाळी काकांनी दुकानाच्या फळ्या उघडल्या. पाटी तुमच्याच नावाची आहे. मला पत्रं लिहायची सवय नाही. शाळेत मुलींना भूगोल शिकवते, फळ्यावर लिहिते, तेवढंच. पण हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आप्पा, तुमचे आकडे मला उलगडले!

किती छळलंत तुम्ही आम्हाला! प्रत्येक बाजाच्या पेटीच्या झाकणाला आतून पटाशीनं कोरलेलं एक नाव आणि दोन आकडे. मार्कंडेय पाच-तीन. कृष्णा एक-नऊ. आपल्या शहापुरात कुणी म्हणे पेटीचा नंबर, कुणी म्हणे तारीख. काका म्हणत, "माझा भाऊ देवभोळा. नद्यांची नावं घालतोय, पेटी पवित्र व्हावी म्हणून." तुम्ही नुसते हसायचात. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

तुम्ही गेल्यावर दुकान बंदच होतं. लाकडाचं सगळं काम काका करत, पण सूर लावणं आणि भाता तुमच्या हातचा. मी सुट्टीच्या दिवशी तुमच्या शेजारी बसून सुरांच्या पितळी पट्ट्या कानशीनं घासायची, तेवढीच माझी विद्या.

श्रावणात निपाणीचे बाबगोंडाअण्णा आले. काखेत कापडात गुंडाळलेली एक जळकी फळी. तुमच्या पेटीचं झाकण होतं ते. घटप्रभा, चार-सात.

"वखार जळाली त्याचं काय न्हाय," ते म्हणाले. "पर माझ्या आक्काची पेटी गेली बघा. बस्तीत देवापुढं स्तवन म्हणाय बसली की तिला दुसरी पेटी चालतच न्हाय. अशीच पायजे. हितं लिवलंय न्हवं समदं?"

लिहिलं होतं खरं. वाचणार कोण?

ते गेल्यावर काका म्हणाले, "शांते, ही जमली तर दुकान चालवू. न्हाय जमली तर दसरा झाला की किल्ली कॅम्पातल्या पियानोवाल्याला. त्यो कवाचा मागं लागलाय."

नावाचं कोडं शाळेत सुटलं. फळ्यावर नद्या काढत होते. मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. हातातला खडू तसाच राहिला. माझी लहानपणची पेटी मार्कंडेय, तिच्यात सुरांची एकच ओळ. देवळातल्या भजनीबुवांची कृष्णा, तिच्यात तीन. म्हणजे घटप्रभेत दोन! मुली माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्या दिवशी वर्गात हसले, आप्पा.

पहिला आकडा बुवांनी दिला. ते काळी एक पट्टीत गातात आणि त्यांच्या पेटीवर एक आहे, आकड्याच्या डोक्यावर टिंब. माझ्या पाचावर टिंब नाही, मी पांढरी पाचात गायचे. आम्ही सगळे त्या टिंबाला पटाशी घसरली असं समजत होतो! जळक्या फळीवरच्या चारावर टिंब होतं. काळी चार.

मग सात म्हणजे भात्याच्या सात घड्या, असं मी धरून चालले. काकांनी पेटी केली, मी सूर लावले, सात घड्यांचा भाता बसवला. दोघं मोटारीनं निपाणीला गेलो. अण्णांच्या आक्कांनी, पद्माक्कांनी, पेटी पुढ्यात ओढली, अर्धी ओळ म्हटली आणि हात उचलला.

"ही आप्पांची न्हाय गं. ही मला फरफटत न्हेतीया."

परत येताना काका म्हणाले, "भाऊ जाताना आकडं बी संगट घेऊन गेला." त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. खराच आला होता.

घरी येऊन माझी पेटी उघडली. पाच-तीन. घड्या मोजल्या तर पाच! तीन कशाचे मग? आणि एकदम आठवलं. मी आठ वर्षांची. तुम्ही म्हणालात, "म्हण बघू एक ओळ, मधे श्वास घ्यायचा न्हाय." मी म्हणत होते आणि तुमचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. मी थांबले तशी तुम्ही हसलात, "तीन! चिमणीचा श्वास हाय माझ्या पोरीचा."

आप्पा! गिऱ्हाईक गायला लागलं की तुमचा अंगठा पेरांवर चालायचा. सगळी गल्ली म्हणायची तुम्ही जप करता. काका तर तेवढा वेळ हात जोडून उभे राहायचे! आणि तुम्ही माणसाचा श्वास मोजत होतात. भाता एकदा दाबला की हवा त्या माणसाच्या श्वासाएवढीच पुरावी म्हणून.

धावत बुवांकडे गेले. "बुवा, एक ओळ म्हणा, दमानं." पेरं मोजली. नऊ! झाकणावर नऊ! मी देवळाच्या पायरीवर बसून रडले. बुवा घाबरले, "काय झालं गं? एवढं वाईट गायलो व्हय?"

सात आता हातात होते. पण तुम्ही फळी वाचून कधी पेटी केली नव्हती, माणूस ऐकून केली होती. म्हणून पुन्हा निपाणी गाठली आणि पद्माक्कांना ओळ म्हणायला सांगितली. मोजलं तर पाच. पुन्हा म्हणायला लावली. पाचच. तुम्ही त्यांचं मोजलंत तेव्हा त्या तरुण असतील.

भाता पाचाचा केला, झाकणात आतून कोरलं, घटप्रभा, चार-पाच. स्प्रिंग तीनदा बदलली. दसऱ्याच्या आधी दोन दिवस पेटी निपाणीच्या जैन बस्तीत नेली. पद्माक्का बसल्या, डोळे मिटले आणि गायल्या. ओळीमागून ओळ, कुठं ओढ नाही, कुठं धाप नाही. सबंध स्तवन! बाबगोंडाअण्णा उपरण्यानं डोळे पुसत होते. काका मागं उभे होते, ते माझ्या कानाशी म्हणाले, "किल्ली आपल्यापाशीच ऱ्हाऊ दे."

पद्माक्कांनी मग झाकण उचललं, कोरलेल्यावर बोट फिरवलं.

"मागं सात हुता. आता पाच. ह्यो आकडा कसला गं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. चेहरा गाण्यानं उजळलेला. काय सांगायचं मी त्यांना?

"आप्पांची खूण आहे," मी म्हणाले, आणि हसले. तुम्ही हसायचात तशीच.

तुम्ही का सांगितलं नाहीत, ते मला तिथं कळलं. माझा राग मी बस्तीच्या दारातच सोडून आले.

आता मी वचन देते. दुकानात येईल त्याला आधी गायला लावीन, मगच काका लाकडाला करवत लावतील. आकड्यांचा अर्थ माझ्याजवळ बसून भाता शिवणाऱ्याला सांगीन, गाणाऱ्याला कधीच नाही. आज एकजण गात असताना काकांनी माझा अंगठा पाहिला आणि हात जोडले. मी जोडू दिले.

तुमची,
मार्कंडेय पाच-तीन
(आता मोजलं, आठ भरतात)
शांता