समजा, विश्वजित घरात आहे

५ जानेवारी

आज एकदाची कोल्हापुरात येऊन पडले. पुण्याहून गाडीत शेजारी एक काकू होत्या, त्यांनी कराडपर्यंत माझी वंशावळ काढली. मॉरिशसची मराठी बाई ही त्यांना भलतीच गंमत वाटली. पणजोबा रत्नागिरीकडून जहाजानं गेले, असं सांगितल्यावर त्यांनी मला आपल्यातच जमा करून टाकलं आणि शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवला.

विद्यापीठानं पाच महिन्यांसाठी बोलावलंय, संख्यासिद्धांत शिकवायला. जागा मंगळवार पेठेत मिळाली. दुमजली सिमेंटचं घर, वर माझी खोली, खाली घरमालक. ते जोतीराम, कागलकडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले; सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्या बायकोला अख्खी गल्ली अक्का म्हणते. मुलीची मुलगी अंतरा बारावीसाठी इथं राहते. अक्कांनी मला जिन्याकडे जाऊच दिलं नाही. पावण्यांनी आधी जेवायचं, खोली काय पळून जात नाही, असं म्हणून पाटावर बसवलं. मी "कृपया थोडे पाणी द्यावे" म्हणाले तेव्हा अंतरानं ओढणी तोंडात कोंबून हसू दाबलं. खर्ड्यानं डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मी खुशीत होते. माझी भाषा बोलणाऱ्या परक्या गावात राहायची ही पहिलीच वेळ.

९ जानेवारी

खोली छान आहे. लोखंडी कॉट, भिंतीत कपाट, कोपऱ्यात लाकडी मुद्गलांची जोडी. मुद्गल कोणाचे, ते आज कळलं. दुपारी जेवायला आम्ही चौघं बसतो आणि अक्का पानं मात्र पाच वाढतात. आधी मला वाटलं, कोणी यायचं असेल. जेवणं झाल्यावर ते पाचवं पान अक्का गल्लीतल्या गाईला घालतात.

अंतरानं वर येऊन सांगितलं. तिचा मामा, विश्वजित. साडेसात वर्षांपूर्वी मलकापूरच्या पुढं घाटात त्याची मोटारसायकल सापडली, तो सापडला नाही. तालमीत जाणारा धट्टाकट्टा माणूस, एकोणतीस वर्षांचा. तात्यांना वाटतं आता विधी करून टाकावा. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात म्हणे. अक्का म्हणतात, माझा पोरगा घरातच आहे, तुमच्या डोळ्यांना दिसत नाही त्याला मी काय करू. ही खोली त्याची. तात्यांनी अक्कांशी भांडून ती मला दिली आहे.

१८ जानेवारी

थकले. शिकवणं जड नाही, मुलं बरी आहेत. थकवा जुना आहे. ल्योन, एडिंबरा, मग दोन वर्षं ओस्लो, आता इथं. सगळीकडे वर्षा-दोन वर्षांच्या नेमणुका आणि दुसऱ्याच्या खोल्या. दुसऱ्यानं वापरून सोडलेल्या उशा, दुसऱ्याच्या नावानं येणारी पत्रं. एक साधं उपप्रमेय मला सहा वर्षं चकवतंय, आणि आता खरं सांगायचं तर ते सुटलं काय नि न सुटलं काय, मला फरक पडेनासा झालाय. जिथं गेले तिथं माझ्या जागी दुसरं कोणीही चाललं असतं. बाबा दर रविवारी फोन करतात आणि कधी परत येणार विचारतात. मी दर रविवारी वेगळा महिना सांगते.

२ फेब्रुवारी

आज माझ्या हातून एक आगाऊपणा झाला.

रविवार होता. जेवण वाढायला वेळ होता, म्हणून अंतरा पाटी घेऊन बसली. वही वाचवायला ती कच्चं काम अजून पाटीवर करते. तिला अप्रत्यक्ष सिद्धता काही केल्या उमजेना. मी सांगितलं, एखादी गोष्ट खोटी दाखवायची असेल तर आधी ती खरी आहे असं गृहीत धरायचं आणि पुढं पुढं जायचं. कुठंतरी विसंगती येऊन आदळते. मग मागं येऊन म्हणायचं, गृहीतच चूक होतं. ती म्हणाली, आकडे नकोत, साधं उदाहरण द्या. मला सुचेना. तेव्हा तीच हळू आवाजात म्हणाली, "आजी म्हणती मामा घरातच हाय. ते खोटं हाय हे करून दाखवा की."

मी नाही म्हणायला हवं होतं. डोकं दुखत होतं आणि उदाहरण होतंही नेटकं. मी पाटीवर लिहिलं: समजा, विश्वजित घरात आहे. पुढचं तोंडानं सांगितलं. तो घरात असेल तर त्याच्या खोलीत असणार. पण त्या खोलीत मी राहते, तिथं दुसरं कोणी नाही. म्हणजे विसंगती. मी ते लिहायला पेन्सिल टेकवली, तेवढ्यात अक्का भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ती एक ओळ वाचली. मी शरमेनं पुसायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नगासा. तेवढंच ऱ्हाऊ द्या."

पाटी त्यांनी उचलून देवघरात नेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

४ फेब्रुवारी

लाज गेली नाही. शिवाय आणखी एक आहे, ते कोणाला सांगितलं तर हसतील. उघडलेलं गृहीत मिटवल्याशिवाय उठायचं नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दरडावून सांगते. परवा मीच ते उघडं टाकून जेवायला गेले. दात घासायचे राहून गेल्यासारखं वाटत राहिलंय.

७ फेब्रुवारी

सकाळी बंबातलं पाणी संपलेलं. तात्या, अक्का, अंतरा आणि मी, एवढ्यांना रोज पुरतं, आज माझ्या वेळेला गार. अंतरा म्हणाली तिनं एकच बादली घेतली. मोरीबाहेर पायपुसणं ओलं चिंब होतं. दूधवाल्यानंही आज अर्धा लिटर जास्त घातलं, विचारलं तर म्हणाला नेहमीएवढंच दिलंय.

१० फेब्रुवारी

पाणी आजही गार. अक्का मात्र खुशीत आहेत, काम करताना गुणगुणतात. तात्यांनी अमावास्येला विधी करायचं भटजींशी ठरवलं होतं, ते आज फोन करून मोडलं. का, ते मला सांगितलं नाही. जेवताना ते सारखे जिन्याकडे बघत होते.

दुपारी पाचवं पान गाईला गेलं नाही. मी मुद्दाम बघत होते. अक्कांनी ते उचललं तेव्हा ताट लख्ख होतं, कडेला लिंबाची पिळलेली फोड.

१३ फेब्रुवारी

आज पानं चार. तात्या, अंतरा, अक्का, आणि विश्वजितचं ते. मी उभी राहिले. अक्कांना लक्षात आल्यावर त्या फार ओशाळल्या, कपाळावर हात मारून घेतला, माझं पान वाढलं, वर दोनदा तूप वाढलं. मी म्हटलं, होतं असं.

१५ फेब्रुवारी

पुन्हा चार. आज कोणी ओशाळलं नाही. मी स्वतःच ताट घेतलं तर अंतरानं माझ्याकडे बघितलं, दारात आलेल्या माणसाकडे बघतात तसं, आणि मग एकदम भानावर येऊन "म्याडम, बसा की" म्हणाली.

विद्यापीठातून आले तर माझी बॅग जिन्यात होती. कपडे घड्या घालून वर ठेवलेले, नीटनेटके, पाहुणा निघताना ठेवतात तसे. कॉटवरची गादी मध्यभागी खोल दबलेली. मी पन्नास किलोची आहे.

दिवसभर डोकं एकाच गोष्टीभोवती फिरतंय, ते लिहून टाकते. 'तो घरात आहे' याच्या आड काय येतं? पोलीस नाही, घाट नाही, साडेसात वर्षंही नाहीत, त्यातलं मी काहीच मांडलं नव्हतं. मी एकच विसंगती मांडली होती. त्या खोलीत मी राहते. तेवढं एक वाक्य खोटं झालं की त्याच्या असण्याला कसलीच आडकाठी उरत नाही.

मला भीती वाटते. असं स्पष्ट लिहायची वेळ याआधी आली नव्हती.

१७ फेब्रुवारी

दुपारी तीनला परत आले. लख्ख ऊन, गल्लीत कोणीतरी गाडी धूत होतं. जिना चढले. दार आतून बंद. खाली अक्का, तात्या, अंतरा तिघंही मला दिसत होते. मी कडी वाजवली.

आतून पुरुषाचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा.

"कोण हाय?"

मी सांगायला तोंड उघडलं. खरंच आठवेना, काय सांगायचं असतं ते. पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळानं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं. खोलीत तेलाचा आणि लाल मातीचा वास.

१८ फेब्रुवारी

विभागात माझ्या टेबलाशी दुसरे कोणी सर बसलेले. शिपायानं विनयानं विचारलं, कोणाला भेटायचंय. वर्गात मी बोलत होते, मुलं आपापसात बोलत होती. दहा मिनिटांनी एक जण म्हणाला, आज तास नाही वाटतं, आणि सगळी उठून गेली. माझ्या अंगावरून —

२० फेब्रुवारी

बॅग घेऊन निघाले. पाच रिक्षा, एकही थांबली नाही. स्टँडवर चालत गेले. गाडीत वाहक माझ्या पुढच्याला तिकीट देऊन माझ्या मागच्याकडे गेला. उतरले. समजा पोचलेही बाहेर, तरी काय. मी गेले म्हणजे खोलीत मी नाही. म्हणजे तो आहे. हवं तेच झालं त्याला.

पाटी पुसूनही भागणार नाही. पुसल्यानं गृहीत खोटं ठरत नसतं. विसंगती लिहावी लागेल, त्याच ओळीखाली, माझ्या हातानं.

२२ फेब्रुवारी

अक्कांकडे पाटी मागितली. तीन वेळा मोठ्यानं बोलावं लागलं तेव्हा त्यांनी वर बघितलं. मी सगळं सांगितलं. रडले. त्या रागावल्या नाहीत, मला पाणी दिलं. मग म्हणाल्या,

"माझं लेकरू आलंय, बाई. तुमचं कोण हाय हितं?"

तात्या दारात उभे होते. हेच विधी करणार होते. त्यांचे डोळे भरलेले. म्हणाले, मला जायला गाव आहे, देश आहे, त्याला कुठला. त्यांना कसं सांगू, की —

बाबा. उद्या रविवार. बाबांचा फोन येईल.

२३ फेब्रुवारी

आला नाही. मी केला. बाबांनी उचलला. मी बाबा म्हटलं. ते परक्यांशी बोलतात त्या आवाजात, फार सभ्यपणे, चुकीचा नंबर लागला असेल म्हणाले. मागं आमच्या घड्याळाचे ठोके पडत होते.

मी ठेवला नाही. त्यांनीच ठेवला.

२४ फेब्रुवारी, सकाळ

अक्का मोरीत आहेत. देवघरातून पाटी वर खोलीत आणलीय. मांडीवर आहे. तीच ओळ, माझंच अक्षर.

खाली तो बोलतोय. चहात साखर कमी म्हणतोय. अक्का मोरीतूनच हसतायत — इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. एक ओळ लिहिली की हे हसणं थांबणार. माझ्या हातानं. दुसऱ्यांदा मारायचं त्याला, आईसमोर. आणि का? कुठं जायचंय मला? कोणती खोली —

नाही. बाबा आहेत. मला जगायचंय. कंटाळले होते, पण हे मागितलं नव्हतं. मला राहायचंय.

जिन्यावर पाय वाजतायत. जड. सावकाश.

पेन्सिल पाटीवर ओढते, रेघ उमटत नाही. वहीत उमटते अजून. इथंच लिहिते, तेवढंही पुरेल, सिद्धता कुठंही लिहिली तरी —

समजा, विश्वजित घरात आहे.
तर तो त्याच्या खोलीत आहे.
पण त्या खोलीत राहते ती मी, म्हणजे