न बसलेल्या गोळीचं प्रशस्तिपत्र

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकता येतं तेवढाच). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा राग उतरला असेल तर त्यांनाही नमस्कार. नसेल तर राहू द्या.

मला प्रशस्तिपत्र मिळालं हे आईने कळवलंच असेल. कसं मिळालं, ते तिला ठाऊक नाही. आमच्या प्रयोगशाळेत बेरिलियम नावाच्या धातूची, मोहरीएवढी पोकळ गोळी करतात. तिच्यात इंधन भरायचं, लेसरचा मारा करायचा, ती चेपली की आत क्षणभर सूर्य पेटतो (साहेबांच्या भाषणात दर वेळी पेटतो, प्रत्यक्षात अजून काजवाही नाही). गोळी गुळगुळीत करणं माझं काम. या धातूची धूळ छातीत गेली तर माणूस कामातून जातो, म्हणून बंद काचपेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून पाच महिने मी एकच गोळी घासली.

प्रयोगाच्या दिवशी त्याच पेटीत ती लेसरसमोर धरायच्या दांडीच्या टोकाला चिकटवत होतो, तोच साहेब पाहुण्यांचा घोळका घेऊन आले आणि "हाच आमचा कलाकार!" म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कलाकाराची गोळी टुणकन उडाली. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर टोकावर नुसता डिंकाचा थेंब, पण काय चमकत होता!

"बसली ना?" साहेबांनी विचारलं.

"बसली," मी म्हणालो. (बसली होती ती माझी वाचा.)

लेसर सुटले, टाळ्या झाल्या. आता आकडेच बोंब मारतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: गोळी अपेक्षेप्रमाणे चेपली, निकाल आशादायक, पॉलिश निर्दोष! त्या पॉलिशबद्दलच हे प्रशस्तिपत्र. मामा, डिंक इतका गुणी असतो हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गोळी हातमोज्याच्या करंगळीच्या घडीत सापडली, जशीच्या तशी. तोवर साहेबांचं मोठ्या परिषदेतलं भाषणही ठरलं होतं.

बायको म्हणाली, "अहो, सांगून मोकळे व्हा." मग सगळं खरं लिहून काढलं, खाली सही ठोकली, कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि ताठ मानेने बाहेर पडलो. होईल ते होवो!

तुमचा,
भाचा

ता. क. टेबलावर ठेवला खरा, पण साहेब जेवायला गेले होते, तेवढ्यात परत उचलून आणला. सोबत जोडला आहे. हेडमास्तर म्हणून तुम्ही तीस वर्षं मुलांचे माफीनामे वाचलेत. शुद्धलेखन तपासा आणि जमल्यास थोडा मऊ करा.

ता. क. २ मऊ करू नका. भाषण सोमवारी आहे. साहेबांचा पत्ता मागे लिहिलाय, तुम्हीच टपालात टाका. मला विचारू नका, मी नको म्हणेन.